जुनं विंडोज सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायचंय? मामाच्या उधारी खात्यावर केलेली सगळी खटपट

निफाड तालुक्यात मामाचं कृषी सेवा केंद्र आहे. जीएसटीचं बिल आता दुसरीकडे ऑनलाईन निघतं, पण शेतकऱ्यांच्या उधारीची खाती २००४ पासून एका जुन्या सॉफ्टवेअरमधे आहेत, गावातल्याच एका पोराने कॉलेजात असताना व्हिज्युअल बेसिक ६ मधे लिहून दिलेलं, पोरगा पुढे नोकरीला लांब गेला, सोर्स कोड कुणाकडे नाही, सेटअपची सीडी कधीच हरवली. ते चालायचं विंडोज एक्सपीच्या एका डब्यावर आणि दिवाळीनंतर त्या डब्याचं पॉवर सप्लाय जळलं. हार्ड डिस्क वाचली एवढंच नशीब. माझा जुना लॅपटॉप होता, ४ जीबी रॅम, पाचव्या पिढीचा आय३, म्हणजे विंडोज ११ त्याला घेतच नाही (टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे) आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलेलं होतं. मामा म्हणाला, "भाच्या, सोमवारी दुकान उघडायचंय, खाती दिसली पाहिजेत."

दिसली. पण दोन रात्री गेल्या, आणि त्यातला निम्मा वेळ मी चुकीच्या क्रमाने कामं केली म्हणून गेला. तुमच्याकडेही असं एखादं जुनं सॉफ्टवेअर अडकलेलं असेल, सोसायटीचं, पतसंस्थेचं, शाळेच्या फीचं, तर हा क्रम घ्या.

एक गोष्ट आधीच. इथे मी कमांड देवनागरीत लिहिल्यात, उच्चार कळावा म्हणून. टाईप करताना इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी आकडे वापरायचे. आणि शक्य तिथे मेनूमधून कसं करायचं तेच सांगतो.

वाईन नेमकं काय करतं

आमच्या नाशिक जिल्ह्यात वाईन म्हटलं की लोक विंचूरच्या वाईन पार्ककडे बघतात, पण हे वाईन वेगळं, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर. १९९३ मधे सुरू झालेला प्रोजेक्ट आहे, पहिलं १.० व्हर्जन यायला २००८ उजाडलं, म्हणजे १५ वर्षं लागली, त्यावरून काम किती किचकट असेल ते समजा. नावाचा फुलफॉर्मच "वाईन इज नॉट ॲन एम्युलेटर" असा आहे. एम्युलेटर नाही म्हणजे काय, तर ते आत खोटा कॉम्प्युटर उभा करत नाही. विंडोजचा प्रोग्राम चालताना सारखा ऑपरेटिंग सिस्टीमकडे काहीतरी मागत असतो, ही फाईल उघड, ही खिडकी काढ, हा फॉन्ट दे. ती मागणी वाईन ऐकतं आणि लिनक्सला कळेल अशा मागणीत बदलून देतं. बाकी प्रोग्रामची गणितं तुमच्या प्रोसेसरवर सरळ चालतात. म्हणून ते हलकं आहे, ४ जीबीच्या मशीनवर आरामात चालतं, आणि विंडोजचं लायसन्सही लागत नाही कारण आत विंडोज नसतंच.

यातूनच त्याची मर्यादाही कळते. वाईन प्रोग्रामला समजतं, ड्रायव्हरला नाही. ज्या सॉफ्टवेअरला विंडोजच्या कर्नलमधे (सगळ्यात आतल्या गाभ्यात) घुसून बसणारा ड्रायव्हर लागतो तिथे ते हात टेकतं. जुनी मराठी डीटीपी सॉफ्टवेअरं डोंगल (कॉपी रोखण्यासाठी कॉम्प्युटरला लावायची छोटी चावी) लावल्याशिवाय उघडायची नाहीत, आठवतं? ती डोंगल, डिजिटल सिग्नेचरची यूएसबी टोकन, या दोन्हींसाठी वाईनवर वेळ घालवू नका, खाली व्हर्च्युअल मशीनचं लिहिलंय तिकडे जा; व्हॅलोरंटसारखे, कर्नलमधे बसणारी अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्राम) असलेले गेम तर तिथेही चालत नाहीत. म्हणून पहिला प्रश्न हाच: माझं सॉफ्टवेअर कुठल्या वस्तूला हात लावतं? प्रिंटर असेल तर चालेल, डोंगल असेल तर थांबा.

गंमत म्हणजे काही बाबतीत वाईन आजच्या विंडोजपेक्षा जुन्याला जास्त सांभाळून घेतं. ६४ बिट विंडोजवर विंडोज ३.१ च्या काळातले १६ बिट प्रोग्राम चालतच नाहीत, वाईनमधे ६४ बिट लिनक्सवरही चालतात.

आधी जुन्या डिस्कवरून काय काय उचलायचं

इथे मी पहिली चूक केली, फक्त प्रोग्रामचा फोल्डर कॉपी केला आणि डिस्क परत मामाकडे देऊन आलो. मग परत २० किलोमीटर गाडी.

चार गोष्टी घ्या. प्रोग्रामचा अख्खा फोल्डर, आतल्या एमडीबी फाईलसकट (ॲक्सेसचा डेटाबेस, खरी लक्ष्मी तीच). दुसरं, जुन्या विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमधल्या ओसीएक्स एक्स्टेन्शनच्या सगळ्या फाईली (व्हिज्युअल बेसिकचे प्रोग्राम वापरतात ते तयार भाग). तिसरं, विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर, सगळाच्या सगळा, कारण कुठला मराठी फॉन्ट वापरलाय ते तुम्हाला माहीत नसतं. चौथं, या सॉफ्टवेअरमधून निघालेला एखादा जुना छापील कागद. हा कागद कशाला ते पुढे तारखांच्या भानगडीत कळेल, पण घ्याच.

एमडीबी फाईलची एक वेगळी कॉपी पेनड्राईव्हवर टाकून बाजूला ठेवा. सगळे प्रयोग कॉपीवर, मूळ फाईलला हात नाही. सगळं फसलं तरी लिनक्सवर एमडीबी टूल्स नावाची छोटी युटिलिटी आहे, ती ॲक्सेसच्या फाईलमधली टेबलं बाहेर काढून देते, म्हणजे डेटा तर कुठे जात नाही.

इन्स्टॉल

मिंटमधे वाईन-इन्स्टॉलर नावाचं तयार पॅकेज आहे, सॉफ्टवेअर मॅनेजरमधे शोधा किंवा टर्मिनलमधे (कमांड टाईप करायची खिडकी)

सुडो ऍप्ट इन्स्टॉल वाईन-इन्स्टॉलर विनट्रिक्स

एवढंच. विनट्रिक्स ही मायक्रोसॉफ्टच्या जुन्या लायब्ररी आणून बसवणारी स्क्रिप्ट आहे, ती लागणारच. सुडो, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालव, फक्त इथे, इन्स्टॉल करताना. वाईन स्वतः कधीच सुडो लावून चालवू नका, सगळ्या फाईली रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या नावावर जातात आणि मग साध्या यूजरने काही उघडत नाही, हे प्रश्न विचारणारे लोक मी मोजायचं सोडून दिलंय.

बॉटल्स नावाचं एक छान चकचकीत ॲपही आहे, फ्लॅटहबवर मिळतं, बटणं दाबून सगळं करता येतं आणि गेम किंवा नव्या सॉफ्टवेअरसाठी मी तेच सुचवेन. फक्त फ्लॅटपॅक (बाकी सिस्टीमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज) असल्यामुळे त्याला तुमच्या होम फोल्डरमधलं सगळं आपोआप दिसत नाही, फ्लॅटसील नावाच्या ॲपमधून परवानगी द्यावी लागते, नाहीतर "फाईल तर इथे आहे, याला का दिसत नाही" करत बसाल. मी साधं वाईनच वापरलं.

एका प्रोग्रामला एक प्रिफिक्स, यात तडजोड नाही

वाईन आपलं सगळं एका फोल्डरमधे ठेवतं, त्याला प्रिफिक्स म्हणतात. त्यात ड्राईव्ह_सी नावाचा फोल्डर म्हणजे त्या प्रोग्रामची सी ड्राईव्ह, आणि रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साध्या टेक्स्ट फाईली. काही सांगितलं नाही तर होममधे डॉट वाईन नावाचा एकच लपलेला प्रिफिक्स बनतो आणि लोक त्यातच सगळं कोंबतात. मग एका प्रोग्रामसाठी टाकलेली लायब्ररी दुसऱ्याला पाडते आणि नक्की कुणी कुणाला पाडलं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. लोणच्याच्या बरणीत गुळांबा भरत नाही ना आपण, तसंच.

वेगळा प्रिफिक्स बनवायचा तर टर्मिनलमधे एका ओळीत

वाईनप्रिफिक्स=~/उधारी वाईनआर्च=विन३२ वाईनसीएफजी

पहिले दोन शब्द सगळे कॅपिटल, बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नाही, फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरात, विन३२ आणि शेवटचा शब्द स्मॉलमधे. विन३२ का? कारण व्हिज्युअल बेसिक ६ चे प्रोग्राम ३२ बिट आणि त्यांना लागणाऱ्या ॲक्सेसच्या जुन्या लायब्ररी ६४ बिट प्रिफिक्समधे नीट बसत नाहीत. हे प्रिफिक्स बनवतानाच ठरतं, नंतर बदलता येत नाही, चुकलं तर फोल्डर डिलीट करून परत. मोनो इन्स्टॉल करू का असं विचारलं तर हो म्हणा. मग सेटिंगची खिडकी उघडते, त्यात खाली विंडोज व्हर्जन म्हणून विंडोज एक्सपी निवडा.

आता फाईल मॅनेजरमधून प्रोग्रामचा फोल्डर उचलून उधारीच्या ड्राईव्ह_सीमधे टाका. मराठी फॉन्टच्या फाईली ड्राईव्ह_सीमधल्या विंडोज, त्यातल्या फॉन्ट्समधे. त्या काळात अशा सॉफ्टवेअरमधे मराठीसाठी युनिकोड वापरत नसत, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले फॉन्ट असायचे, म्हणून फॉन्ट नसेल तर "रामभाऊ" च्या जागी काहीतरी शिव्या दिल्यासारखी चिन्हं दिसतात. डेटा खराब झाला म्हणून घाबरू नका, फॉन्ट टाकला की रामभाऊ परत येतात.

आता लायब्ररी, आणि एरर वाचायला शिका

वाईनप्रिफिक्स=~/उधारी विनट्रिक्स व्हीबी६रन एमडीएसी२८ जेट४०

व्हीबी६रन म्हणजे व्हिज्युअल बेसिकचा रनटाईम, बाकी दोन डेटाबेससाठी. मधेमधे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या इन्स्टॉलरच्या खिडक्या येतात, नेक्स्ट नेक्स्ट करत जा. मग टर्मिनलमधे प्रोग्रामच्या फोल्डरमधे जा आणि ओळीच्या सुरुवातीला प्रिफिक्स लावून मग वाईन आणि ईएक्सईचं नाव. टर्मिनलमधूनच चालवा, डबल क्लिक नको, कारण काय बिनसलं ते टर्मिनलमधेच दिसतं.

भरपूर ओळी येतील. ज्या "फिक्समी" ने सुरू होतात त्या सोडून द्या, त्या वाईन लिहिणाऱ्यांनी स्वतःसाठी ठेवलेल्या चिठ्ठ्या आहेत की हे अजून पूर्ण केलेलं नाही, चांगल्या चालणाऱ्या प्रोग्राममधेही शेकड्याने येतात. "ईआरआर" ने सुरू होणाऱ्या ओळी बघा, त्यात "लायब्ररी अमुक नॉट फाऊंड" असेल तर ते अमुकच तुम्हाला हवंय.

व्हिज्युअल बेसिकचे स्वतःचे एरर नंबरसकट येतात आणि ते फार प्रामाणिक असतात. मला आधी ३३९ आला: एमएससीओएमसीटीएल नावाची ओसीएक्स रजिस्टर नाही. हे बहुतेक सगळ्यांना येतं. जुन्या सिस्टीम३२ मधून आणलेली ती फाईल नव्या ड्राईव्ह_सीच्या विंडोज, सिस्टीम३२ मधे टाका आणि

वाईनप्रिफिक्स=~/उधारी वाईन रेजएसव्हीआर३२ एमएससीओएमसीटीएल.ओसीएक्स

चालवा. मग दुसऱ्या ओसीएक्ससाठी तोच एरर येईल, परत तेच, माझ्याकडे चार वेळा झालं. ४२९ आला तर एखादा ॲक्टिव्हएक्स भाग सापडत नाहीये, ३७०६ आला तर डेटाबेसचा प्रोव्हायडर नाही म्हणजे जेट किंवा एमडीएसी नीट बसलं नाही. ५३ किंवा ७६ आला तर प्रोग्राम एखादी फाईल किंवा फोल्डर जुन्याच जागी शोधतोय. मामाच्या सॉफ्टवेअरला डेटा डी ड्राईव्हवर लागायचा. वाईनच्या सेटिंगमधे ड्राईव्हज टॅब आहे, तिथे डी ड्राईव्ह जोडून तिला डेटाचा फोल्डर दाखवला, एका मिनिटात उघडलं.

तारखांचा घोळ, हा भाग दोनदा वाचा

सॉफ्टवेअर उघडलं, खाती दिसली, रामभाऊंचं नाव नीट आलं, मी मामाला फोन करून फुशारकी मारली. आणि दुसऱ्या दिवशी मामी म्हणाली, "व्याज कमी येतंय रे."

झालं असं. जुने प्रोग्राम तारीख सिस्टीमच्या पद्धतीने लिहितात, भारतात दिवस आधी मग महिना, अमेरिकेत महिना आधी. आणि ॲक्सेसला क्वेरीमधे तारीख दिली की तो ती अमेरिकन पद्धतीने वाचतो. ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे? त्यातही वाईट हे की दिवस १२ च्या पुढचा असेल तर तो महिना असूच शकत नाही, मग ॲक्सेस गुपचूप उलटं करून घेतो. म्हणजे महिन्याच्या १३ तारखेपासून पुढच्या नोंदी बरोबर आणि पहिल्या १२ दिवसांतल्या चुकीच्या, आणि एरर एकही नाही. लिहिणाऱ्या पोराने त्याच्या मशीनवर जे सेटिंग होतं त्यावरच सगळं तपासलेलं, पुष्कळ एक्सपी मशीन अमेरिकन सेटिंगवरच चालायची, कुणी बदलतच नसे.

उपाय सोपा आहे. जुनं मशीन ज्या पद्धतीवर होतं तीच पद्धत वाईनला द्यायची. तो जुना छापील कागद आता काढा, त्यावर १२ च्या पुढचा आकडा असलेली तारीख शोधा. महिना आधी असेल तर कमांडच्या सुरुवातीला एलसी_ऑल=ईएन_यूएस.यूटीएफ-८ लावा, दिवस आधी असेल तर एलसी_ऑल=ईएन_आयएन. मिंटमधे लोकेल -ए टाईप केलं की कुठली लोकेल (भाषा आणि तारखेच्या पद्धतीची सेटिंग) बसवलेली आहेत ते कळतं, हवी ती नसेल तर लँग्वेज सेटिंगमधून टाका. लिनक्स मराठीत वापरत असाल तरी या प्रोग्रामसाठी या दोन इंग्रजीपैकीच एक द्या, कारण जुने फॉन्ट इंग्रजीच्या १२५२ कोडपेजवर (अक्षरांच्या क्रमांकांचा तक्ता) बसवलेले असतात, मराठी लोकेलने तीही गडबड होऊ शकते.

मग तपासणी करा: डेटाच्या कॉपीवर ५ एप्रिलची एक खोटी नोंद टाका, एप्रिलचा उतारा काढा, त्यात दिसते का बघा, मेच्या उताऱ्यात दिसत नाही ना तेही बघा. आमच्याकडे कागदावर महिना आधी निघाला, सेटिंग बदललं आणि व्याज पैशापर्यंत जुळलं.

प्रिंटर

लिनक्समधे प्रिंटर चालत असेल तर वाईनला तो आपोआप दिसतो, वेगळा ड्रायव्हर नको. डॉट मॅट्रिक्ससाठी प्रिंटर सेटिंगमधे एपसन ९-पिनचा तयार ड्रायव्हर असतो, बहुतेकांना तो चालतो, कागद मात्र लेटर ठेवलेला असतो तो बदला.

पण जुनी सॉफ्टवेअरं छोट्या पावत्या विंडोजला न विचारता थेट एलपीटी१ पोर्टवर (प्रिंटरचा जुना पॅरलल पोर्ट) फेकतात. आता लॅपटॉपला तो पोर्ट कुठला, यूएसबी ते पॅरलल केबल घ्यायची, लिनक्समधे ती डेव्ह, यूएसबी, एलपी० म्हणून दिसते. त्या प्रिफिक्समधे वाईन रेजएडिट उघडा, एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, वाईन, पोर्ट्स असं जा (पोर्ट्स नसेल तर बनवा), तिथे एलपीटी१ नावाची स्ट्रिंग आणि व्हॅल्यूमधे तो पाथ. मग सुडो यूजरमॉड -एजी एलपी आणि पुढे तुमचं यूजरनेम, म्हणजे तुम्हाला पोर्टवर लिहायची परवानगी मिळते. यात ए स्मॉल, जी कॅपिटल, आणि ए विसरलात तर बाकी सगळ्या ग्रुपमधून बाहेर फेकले जाल, सुडोसुद्धा जाईल, तेव्हा एंटर दाबायच्या आधी एकदा बघा. लॉगआऊट करून परत या.

एवढं करूनही नाही चाललं तर

व्हर्च्युअल मशीन. म्हणजे लिनक्समधे एक अख्खा खोटा कॉम्प्युटर आणि त्यात खरं विंडोज, व्हर्च्युअलबॉक्स त्यासाठी सगळ्यात सोपं. यात कमीपणा काही नाही, डोंगल आणि टोकनवाल्यांनी तर सरळ इथेच यावं (काही टोकनचे लिनक्स ड्रायव्हर असतात, आधी ते बघा). यूएसबीची वस्तू आत द्यायची तर तुमचा यूजर व्हीबॉक्सयूजर्स ग्रुपमधे पाहिजे, नाहीतर यादी रिकामीच दिसते. सिक्युअर बूट चालू असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड विचारेल आणि रीस्टार्टला निळ्या स्क्रीनवर तोच परत द्यायचा असतो, ती स्क्रीन घाईत सोडू नका. जुनं मशीन अजून चालू असेल तर सिसइंटर्नल्सचं डिस्क२व्हीएचडी अख्खी डिस्क एका फाईलमधे बनवून देतं, तीच आत लावता येते. विंडोजचं लायसन्स इथे लागतं. आणि आतल्या एक्सपीला किंवा ७ ला इंटरनेट देऊ नका, नेटवर्क सरळ बंद. रॅम मात्र खातं, ४ जीबीवर ब्राउझर बंद ठेवावा लागेल.

गेमवाल्यांना वेगळं काही सांगायला नको, स्टीममधे प्रोटॉन आहे, व्हॉल्वने २०१८ मधे आणलं, आत वाईनच आहे. मॅकवर पैसे देऊन क्रॉसओव्हर मिळतं, तेही वाईनच. उलट्या दिशेने, विंडोजवर लिनक्सचे प्रोग्राम पाहिजेत तर डब्ल्यूएसएल, आणि लिनक्सवर अँड्रॉइडची ॲप हवी तर वेड्रॉइड.

रोजच्या वापरासाठी

मामा टर्मिनल उघडणार नाही. म्हणून एक छोटी स्क्रिप्ट फाईल, पहिल्या ओळीत सीडी करून प्रोग्रामच्या फोल्डरमधे जायचं (हे नाही केलं तर परत ५३ आणि ७६), दुसऱ्या ओळीत एलसी_ऑल, वाईनप्रिफिक्स, वाईन आणि ईएक्सईचं नाव. फाईलला एक्झिक्युटेबल करा, डेस्कटॉपवर राईट क्लिक करून लाँचर बनवा, आयकॉन जुनाच लावा. मामाला फरक कळला नाही, फक्त "पटकन उघडतंय की" म्हणाला.

अक्षरं बारीक वाटली तर वाईनच्या सेटिंगमधे ग्राफिक्स टॅबमधे डीपीआय ९६ वरून थोडं वर सरकवा.

वाईन म्हणजे व्हायरसपासून संरक्षण नाही हेही ध्यानात ठेवा. झेड ड्राईव्ह म्हणून तुमची अख्खी डिस्क प्रोग्रामला दिसत असते, एखादी घाणेरडी ईएक्सई चालवलीत तर तुमच्या फोटोंपर्यंत पोचू शकते. ड्राईव्हज टॅबमधून झेड काढून टाका आणि विनट्रिक्स सँडबॉक्स चालवा, त्याने होम फोल्डरला जोडलेले दुवे तुटतात.

आणि बॅकअप. प्रिफिक्सचा फोल्डर म्हणजेच सगळं काही, प्रोग्राम, लायब्ररी, फॉन्ट, रजिस्ट्री, डेटा. आमच्यासारखं डी ड्राईव्हसाठी वेगळा फोल्डर जोडला असेल तर तोही उधारीच्या आतच ठेवा. प्रोग्राम बंद करून तो फोल्डर कॉम्प्रेस करा, पेनड्राईव्हवर टाका. दुसऱ्या मिंटवर त्याच यूजरनेमने, तेच वाईन टाकून, तोच फोल्डर उघडला की चालतं. मी माझ्या घरच्या मशीनवर करून बघितलं, एलपीटी१ सोडून सगळं पहिल्या झटक्यात उघडलं, केबल तिकडे निफाडलाच होती.